काशीतले मराठी उंबरे

काशीवर मराठ्यांची सत्ता एक दिवसही नव्हती. अवधचे नवाब, त्यांच्या हाताखालचे बनारसचे राजे आणि १७७५नंतर ईस्ट इंडिया कंपनी अशी इथली मालकी फिरत राहिली. काशी-प्रयाग आपल्याकडे यावीत म्हणून पेशव्यांनी वकील धाडले, पत्रे लिहिली, वाटाघाटी केल्या; ते काही जमले नाही. आणि तरीही अस्सीवरून नाव सोडली की नावाडी घाटांची जी नावे घेत जातो, त्यांत थोड्या थोड्या अंतराने आपल्याकडचे कुणीतरी भेटत राहते. मुन्शी, अहिल्याबाई, सिंधिया, भोंसला, बालाजी. जे शहर जिंकता आले नाही ते या मंडळींनी पायरी पायरी करून बांधले. काशीतली जुनी घरे, वाडे आणि स्मारके बघत फिरताना मला हाच धागा पुन्हा पुन्हा हाती लागला.

थोरामोठ्यांची घरे जपून ठेवून लोकांना दाखवायची रीत आपल्याला नवी नाही. मुंबईत मणिभवन आहे, पुण्यात केसरीवाडा आहे, दिल्लीत तीन मूर्ती आणि गांधीजींची हत्या झाली ते तीस जानेवारी मार्गावरचे घर आहे. लंडनमध्ये तर डिकन्स आणि डॉ. जॉन्सन यांच्या घरांतच अख्खा दिवस निघून जातो. त्या हिशेबाने काशीला गेलात तर मात्र हिरमोड होईल. इथे संग्रहालय झालेली घरे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. बाकीच्या वाड्यांत अजून माणसे राहतात. गॅलरीत धोतरे वाळत असतात, खालच्या खोलीत साड्यांची गादी किंवा लॉज असते, चौकात कुणाची तरी स्कूटर उभी असते. अशा ठिकाणी पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे. चौकात डोकावण्याआधी हाक मारावी, मोबाइल पिशवीत ठेवावा, नको म्हटले तर मुकाट्याने मागे फिरावे. एवढे पाळले की बहुतेक ठिकाणी ‘या, बसा’ होते, आणि गंगेकाठच्या काही गल्ल्यांत ते चक्क मराठीत होते.

मुंबईहून जाणाऱ्यांना महानगरी एक्स्प्रेस सोयीची. नाशिक, भुसावळ, जबलपूर करत ती काशीला पोचवते. जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात गंगा चढते, एका घाटावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट पाण्याखाली जाते, नावा बंद पडतात आणि जे पाहायला आलो तेच बुडालेले असते. थंडीत धुके असते खरे, गाड्याही रखडतात, पण सकाळी गल्लीच्या तोंडाशी कुल्हडातला मलइयो मिळतो. दुधाचा केशरी फेस. दहा वाजायच्या आत संपतो, म्हणून आधी तो आणि मग इतिहास.

सुरुवात दक्षिणेकडून, अस्सीवरून करावी. घाटाला लागूनच ॲलिस बोनर यांचे घर आहे. या स्विस शिल्पकार-चित्रकार बाई १९३६मध्ये इथे येऊन राहिल्या त्या १९७८पर्यंत. उदयशंकरांची नृत्यमंडळी उभी करण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि पुढे भारतीय मंदिरशिल्पाच्या रचनेवर त्यांनी जन्मभर काम केले. आज तिथे त्यांच्या नावाची संस्था चालते. त्यांची चित्रे पाहायची तर बनारस हिंदू विश्वविद्यालयातल्या भारत कला भवनात जावे. १९२०मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात त्यांचे स्वतंत्र दालन आहे, आणि लघुचित्रांचा संग्रह तर असा की दुपार पुरत नाही.

अस्सीहून चालत पाच-दहा मिनिटांवर भदैनी. मोरोपंत तांबे यांची मुलगी मणिकर्णिका इथे जन्मली, हीच पुढे झाशीची राणी. जन्मतारीख सहसा १९ नोव्हेंबर १८२८ अशी सांगतात, काही अभ्यासक १८३५ हे साल धरतात. तांबे काशीत काय करत होते, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांनी कधी नीट सांगितले नाही. शेवटच्या बाजीरावाचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा पेशवाई बुडाल्यावर काशीत येऊन राहिले होते, आणि मोरोपंत त्यांच्या पदरी होते. चिमाजी अप्पा गेल्यावर तांबे कुटुंब ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, बाजीरावाच्या आश्रयाला गेले. मूळ घर आता नाही. जागेवर स्मारक आहे, घोड्यावरचा पुतळा आहे, भोवती बाग आहे. स्मारक नीटनेटके आहे, पण पुतळ्यापाशी उभे राहून राणीचे बालपण डोळ्यांसमोर येत नाही. ते येते मागच्या गल्लीत, जिथे दोन माणसे समोरासमोर आली की एकाला भिंतीला पाठ लावावी लागते.

भदैनीच्या पोटातच लोलार्क कुंड आहे. खोल, तिन्ही बाजूंनी उतरत्या दगडी पायऱ्यांचे. अहिल्याबाईंनी आणि कूचबिहारच्या राजांनी याची बांधणी-डागडुजी केली. भाद्रपदात इथे अपत्यप्राप्तीसाठी नवस बोलणाऱ्या जोडप्यांची दाटी होते. एरवी एखादा पुजारी आणि चार माकडे. पलीकडे तुळशीघाट. तुलसीदासांचा शेवटचा मुक्काम इथला, १६२३चा. त्यांच्या पादुका दाखवतात.

इथून नाव करावी. चालूनही जाता येते, पण घाटांवरच्या वाड्यांची तोंडे नदीकडे आहेत आणि ती नदीतूनच पुरती दिसतात. शिवाला भागात बनारसचा राजा चेतसिंह याचा किल्लेवजा वाडा लागतो. ऑगस्ट १७८१मध्ये वॉरन हेस्टिंग्ज खंडणी उकळायला इथे आला, राजाला त्याच्याच वाड्यात नजरकैद केले, लोक खवळले, कंपनीचे शिपाई कापले गेले आणि हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्यात पळ काढावा लागला. राजा नदीकडच्या बाजूने निसटला. पुढे त्याचे काय झाले? महादजी शिंद्यांनी त्याला आसरा दिला, आणि १८१०मध्ये तो ग्वाल्हेरला वारला. काशीचा राजा ग्वाल्हेरला, पेशव्याचा भाऊ काशीला. त्या काळच्या उलथापालथीचे याहून नेटके चित्र शोधून सापडायचे नाही.

पुढे एक उंच, पिवळट दगडाचा, गोल बुरुजांचा वाडा येतो आणि नावेतले सगळे कॅमेरे तिकडे वळतात. तो दरभंगा महाल. बांधला मात्र नागपूरकर भोसल्यांच्या पदरचे श्रीधर नारायण मुन्शी यांनी. शेजारचा घाट अजून मुन्शीघाट म्हणूनच ओळखला जातो. १९१५मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी तो घेतला. आता तिथे महागडे हॉटेल आहे. दगड स्वच्छ, नक्षी उठून दिसणारी, दिवे मंद. वास्तू वाचली याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणा होईल. तरी पायऱ्यांवरच्या माणसाला आत डोकावता येत नाही हे खटकतेच. निदान दारात चार ओळींची पाटी लावावी, मुन्शी कोण होते ते सांगणारी.

त्याला लागून अहिल्याबाई घाट. आधी याचे नाव केवलगिरी घाट. होळकरीणबाईंनी पायऱ्या बांधल्या, वर वाडा बांधला, ब्राह्मणांच्या राहण्याची सोय केली. शेजारच्या महालापुढे हा वाडा अगदी साधा दिसतो. नक्षी नाही म्हटले तरी चालेल. भक्कम भिंती, लहान खिडक्या. महेश्वरचा वाडा पाहिलेल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही. बाईंचा स्वभावच तो, खर्च करायचा तो पायऱ्यांवर आणि विहिरींवर.

यानंतर मानमंदिर, आणि इथे मी वाचकाला थांबवणार आहे. आमेरचा राजा मानसिंह याने सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर हा महाल बांधला. नदीवर झुकलेला त्याचा झरोका काशीतल्या सगळ्यांत देखण्या दगडी कामांपैकी एक. पुढे अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने त्याच्या गच्चीवर वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा त्याच्या पाच वेधशाळा. त्यांपैकी मथुरेची आता शिल्लक नाही. काशीची सगळ्यांत आटोपशीर, कारण आयत्या महालाच्या गच्चीवर जेवढी जागा मिळाली तेवढ्यात ती बसवली. सम्राट यंत्र, नाडीवलय, दिगंश यंत्र, चक्र यंत्र, दक्षिणोत्तर भिंत. सम्राट यंत्र म्हणजे एक मोठे सूर्यघड्याळच. मधली तिरकी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर, तिचा चढ काशीच्या अक्षांशाइतका, म्हणजे पंचवीस अंशांच्या थोडा वर. तिची सावली बाजूच्या वर्तुळखंडावर सरकते आणि वेळ सांगते. उन्हात उभे राहून ती सावली खरोखर सरकताना पाहता येते. तिकीट आहे, गर्दी नाही. खालच्या मजल्यावर २०१९मध्ये पडद्यांचे आणि आवाजांचे नव्या धाटणीचे संग्रहालय झाले आहे. मुलांना ते आवडते, माझ्यासारख्यांना गच्ची.

आता यात मराठी काय? बापूदेव शास्त्री. मूळ घराणे गोदावरीकाठच्या टोक्याचे. जन्म १८२१चा. नागपुरात शिकताना बीजगणितातली त्यांची चमक लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेत भरली. त्याने त्यांना सीहोरला नेऊन सिद्धांतग्रंथ शिकवले, आणि १८४२च्या सुमारास शास्त्रीबुवा काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणित शिकवू लागले. त्यांनी सूर्यसिद्धांताचा इंग्रजी अनुवाद केला, भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी संपादित केला, आणि मानमंदिरातल्या या यंत्रांचे वर्णन करणारी पुस्तिकाही लिहिली. गच्चीवरच्या दगडी वर्तुळांचा उपयोग लोक विसरले होते. तो पुन्हा समजावून सांगणाऱ्यांत हा मराठी पंडित होता. ज्या पाठशाळेत त्यांनी शिकवले ती १७९१मध्ये स्थापन झालेली. आज ती संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय आहे आणि तिची गॉथिक धाटणीची इमारत, उंच कमानी आणि रंगीत काचांची, जरूर पाहावी. संस्कृत शिकवायला विलायती चर्चसारखी इमारत ही कल्पना ज्याला सुचली त्याचे कौतुक करावे की हसावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मानमंदिराच्या मागून गल्लीने विश्वनाथाकडे जाता येते. या मंदिराची कथा मराठी घराण्यांना वगळून सांगताच येत नाही. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातले नारायण भट्ट यांनी तोडरमलच्या साहाय्याने १५८५च्या सुमारास मंदिर पुन्हा उभे केले. याच घराण्यात निर्णयसिंधु लिहिणारे कमलाकर भट्ट झाले, आणि १६७४मध्ये रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही याच घराण्यातले. औरंगजेबाच्या हुकमाने १६६९मध्ये मंदिर पाडले गेले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७८०मध्ये, अहिल्याबाईंनी शेजारच्या जागेत आजचे मंदिर बांधले. कळसावरचे सोने रणजितसिंहांचे. ज्ञानवापी विहिरीवरचा खांबांचा मंडप १८२८मध्ये ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी बांधला.

डिसेंबर २०२१मध्ये विश्वनाथ धाम झाले, आणि ज्यांनी आधीची काशी पाहिली आहे त्यांना आता वाट सापडत नाही. तीनशेच्या आसपास मालमत्ता विकत घेऊन, घरे पाडून, मंदिर ते गंगा अशी मोकळी वाट काढली. पाडापाडीत घरांच्या पोटात दडलेली लहान मंदिरे उजेडात आली. प्रांगणात अहिल्याबाईंचा पुतळा बसवला. म्हाताऱ्या माणसांना, लहान मुले घेऊन आलेल्या बायकांना दर्शन सुसह्य झाले हे मान्य केलेच पाहिजे. पूर्वीच्या गल्लीत माझा जीव गुदमरलेला आहे. पण गेल्या त्या गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या राहती घरे होती, आणि घरांची काशी पाहायला आलेल्या माणसाला ती रिकामी फरसबंदी टोचते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, लॉकरची सोय आधी पाहून ठेवावी.

मणिकर्णिका घाटाबद्दल फार लिहीत नाही. तिथे जे चालते ते पाहण्यासाठी नाही, आणि नावेतून फोटो काढणाऱ्यांना नावाडी झापतात ते योग्यच आहे. त्याच्या पुढचा सिंधिया घाट एकोणिसाव्या शतकात बायजाबाईंनी बांधला. बांधकामाचे वजन काठाला पेलले नाही, घाट खचला आणि विसाव्या शतकात शिंद्यांना तो पुन्हा बांधावा लागला. पाण्यात एका अंगाला कललेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ इथलेच. कुणी म्हणते मातृऋणाचा शाप. कुणी म्हणते पाया खचला. नावाडी दोन्ही सांगतो, पैसे एकदाच घेतो. लगेच नागपूरकरांचा भोसले घाट, त्याची उंच दगडी भिंत आणि वर लक्ष्मीनारायणाचे देऊळ.

खरी मराठी काशी यापुढे आहे. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. पर्यटकांच्या नावा बहुतेक इथवर येतच नाहीत, मणिकर्णिकेवरून परत फिरतात. त्यामुळे पायऱ्यांवर धोपटणारे धोबी, पोहणारी पोरे आणि ऊन खात बसलेले म्हातारे यांच्याखेरीज फारसे कुणी नसते. नाव सोडून पंचगंगेच्या उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे धरून चढणाऱ्यांनी मध्ये दोनदा बसावे. काठाशी दगडी हजारा दीपस्तंभ आहे, अहिल्याबाईंनी उभारलेला. कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळीत तो पेटवतात. वर बिंदुमाधव. मूळ भव्य मंदिर औरंगजेबाच्या काळात गेले, तिथे मशीद उभी राहिली. तिच्या उंच मिनारांना लोक ‘माधवरावाचा धरहरा’ म्हणत. मिनार कलले तेव्हा त्यांची दुरुस्ती केली जेम्स प्रिन्सेपने, म्हणजे ब्राह्मी लिपी वाचणाऱ्यानेच. १८२०पासून दहा वर्षे तो बनारसच्या टांकसाळीत होता आणि फावल्या वेळात शहराची चित्रे काढत होता. मिनार आता नाहीत. आजचे बिंदुमाधवाचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधून दिलेले, बाहेरून घरासारखेच. शिखर वगैरे काही नाही, चुकून पुढे जाल.

ज्ञानेश्वरी-भागवत मानणाऱ्या माणसाने इथे एक आठवावे. पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पूर्ण केली ती काशीत, शके १४९५, म्हणजे १५७३मध्ये. संस्कृत ग्रंथ प्राकृतात आणला म्हणून इथल्या पंडितांनी आधी जाब विचारला आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी परंपरा सांगते. नारायण भट्टांचे घराणे पैठणचे, नाथ पैठणचे, बापूदेव टोक्याचे. गोदेकाठचा तो एवढासा पट्टा, पण गंगेकाठच्या या उतारावर त्याची माणसे दाटीने सापडतात.

अजून एक नाव त्यात घालायला हवे. नारायण दीक्षित पाटणकर हे टोक्यासमोरच्या कायगावचे. पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला जाताना प्रवरासंगमाचा पूल ओलांडतो ते हे गाव. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले हे दीक्षित अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत येऊन राहिले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट बांधण्यात, मराठी ब्राह्मणांची घरे वसवण्यात त्यांचा पुढाकार होता. बाजीरावाची आई राधाबाई १७३५मध्ये काशीयात्रेला निघाली, तेव्हा वाटेतल्या राजपूत राजांनी तिची बडदास्त ठेवली. ज्याच्याशी मुलाचे हाडवैर होते त्या महंमदखान बंगशानेही तिचा मान राखला. तलवारीचा दरारा होताच, पण काशीत म्हातारीला उतरायला दीक्षितांसारख्यांची घरे होती.

दुर्गाघाटावर नाना फडणविसांच्या नावाने ओळखला जाणारा वाडा आहे. चौक, लाकडी खांब, वर गॅलरी. सदाशिव पेठेतला एखादा जुना वाडा उचलून ठेवावा तसा. नानांना उत्तरेकडच्या यात्रेकरूंची काळजी होती याचा आणखी एक पुरावा शहराबाहेर आहे. काशीहून गयेला जाताना कर्मनाशा नदी लागते. हिच्या पाण्याच्या स्पर्शाने पुण्य धुऊन जाते अशी समजूत, म्हणून भाविक माणसे पैसे देऊन दुसऱ्याच्या खांद्यावरून ती ओलांडत. नानांनी तिच्यावर पूल बांधायला घेतला. तो अपुरा राहिला; पुढे राजा पटनीमल यांच्या पैशाने आणि प्रिन्सेपच्या आराखड्याने पूल झाला.

ब्रह्माघाटावर ‘आंग्रे का बाडा’ आहे. कुलाब्याच्या सागरी सरदारांचे नाव गंगेच्या काठावर पाहून हसू येते. इथला गणेशोत्सव शंभरी ओलांडलेला. वाड्याबाहेरच्या ओट्यावर एक आजोबा पेपर वाचत बसले होते. मी मराठीत नमस्कार केला.

“कुठल्या आपण?”

“पुण्याच्या.”

“मग बाहेर का उभ्या? आत या, चप्पल इथेच उतारा.” आणि आत तोंड करून, “अहो, चाय ठेवा, घरून पाहुण्या आल्यात.”

पुण्याला ते आयुष्यात एकदा गेले होते. घर मात्र तेच. भाद्रपदात आरती सगळी मराठीत होते, प्रसादाला मोदक असतात, आणि पुढच्या पिढीतले बहुतेक जण नोकरीला बेंगळुरू-नोएडाकडे गेल्याने स्वयंसेवक मिळत नाहीत हे त्यांनी पुण्याच्या कुठल्याही मंडळाच्या अध्यक्षाच्या स्वरात सांगितले.

इथून जवळच बालाजी घाट, पेशव्यांच्या काळातला. वरच्या बालाजी मंदिरातल्या खोलीत बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे सनईचा रियाज करत. मामा अलीबक्ष विश्वनाथाच्या मंदिरात सनई वाजवत, त्यांनीच भाच्याला इथे बसवले. खाँसाहेबांचे घर हडहा सरायच्या गल्लीत आहे, कुटुंब राहते. २००६मध्ये ते गेले. भारतरत्नाचे हे घर संग्रहालय व्हावे अशी मागणी अधूनमधून होते. उलट २०२०मध्ये ते पाडण्याच्या बातमीने गदारोळ झाला. माझे मत विचाराल तर रियाजाची खोली आधी जपावी. माणूस राहिला घरात, पण घडला तिथे.

घाट सोडून शहरात शिरलात तर मैदागिनजवळ पराडकर स्मृती भवन लागते, काशीच्या पत्रकारांचे. बाबूराव विष्णू पराडकर १८८३मध्ये काशीतच मराठी घरात जन्मले आणि हिंदी पत्रकारितेचे भीष्म झाले. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून स्थानबद्धता भोगून आले आणि १९२०मध्ये सुरू झालेल्या ‘आज’ दैनिकाशी जोडले गेले. सखाराम गणेश देउस्करांचे गाजलेले बंगाली पुस्तक ‘देशेर कथा’ यांनीच हिंदीत आणले. महाराष्ट्रात हे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. काशीत रिक्षावाल्याला सांगा, थेट नेऊन सोडतो.

लमहीला प्रेमचंदांचे घर आहे, शहरापासून अर्ध्या तासावर. जन्म १८८०चा. साधे घर, छोटे संग्रहालय, पुस्तकांची मुखपृष्ठे, आवारात स्मारक. १९३४मध्ये सिनेमाच्या कथा लिहायला ते मुंबईत दादरला येऊन राहिले होते आणि वैतागून परतले. लमहीची शांतता पाहिली की का, ते कळते.

नदीपलीकडे रामनगर. पूर्वी पिंपांचा तरता पूल असे, आता सामनेघाटावरून पक्का पूल आहे. १७५०च्या सुमारास राजा बलवंतसिंहाने बांधलेला चुनारी दगडाचा किल्ला गंगेतून उगवल्यासारखा दिसतो. आतले संग्रहालय म्हणजे राजघराण्याने माळा आवरायला काढावा आणि मध्येच कंटाळावे तसे आहे. पालख्या, हौदे, हस्तिदंती कोरीवकाम, जुन्या मोटारी, तलवारी, सगळ्यांवर सारखीच धूळ. एक धर्मघडी मात्र चुकवू नये: वेळेबरोबर तिथी, वार, महिना आणि ग्रहस्थिती दाखवणारे घड्याळ, दरबारच्याच कारागिराने केलेले. आश्विनात आलात तर महिनाभर चालणारी रामलीला, विनालाउडस्पीकर, मशालींच्या उजेडात. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर लालबहादूर शास्त्रींचे वडिलोपार्जित घर आहे, अलीकडेच संग्रहालय केलेले. चूल, खाट, ठेंगण्या खोल्या. किल्ल्यातून थेट इथे यावे. देशाच्या पंतप्रधानाचे सगळे घर किल्ल्यातल्या एका हौद्यांच्या दालनात मावेल.

शेवटी ठेवावे ते भारतमाता मंदिर, काशी विद्यापीठाच्या आवारात. ‘आज’ दैनिक काढणाऱ्या बाबू शिवप्रसाद गुप्तांनी हे बांधले आणि ऑक्टोबर १९३६मध्ये गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. खान अब्दुल गफारखानही त्या वेळी हजर होते. आत मूर्ती नाही. जमिनीवर सुमारे तीस फूट लांबी-रुंदीचा, संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा आहे. डोंगर उंच, दऱ्या खोल, समुद्र खाली. ही कल्पना गुप्तांना कुठे सुचली? १९१३मध्ये कराचीच्या काँग्रेस अधिवेशनाहून परतताना ते मुंबईमार्गे पुण्याला आले आणि धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम पाहायला हिंगण्याला गेले. तिथे जमिनीवर मातीचा असाच एक उठावाचा नकाशा केलेला होता, मुलींना भूगोल शिकवायला. तो त्यांच्या डोळ्यांत राहिला. हिंगण्याच्या मातीची काशीत संगमरवर झाली, आणि कर्व्यांच्या संस्थेतल्या किती जणींना हे माहीत असेल, देव जाणे.

वरच्या सज्जातून नकाशा नीट दिसतो. मी गेले तेव्हा कठड्याला टेकून सोलापूरकडच्या काही बाया उभ्या होत्या, काशीयात्रा उरकून आलेल्या, हातात गंगाजलाचे सीलबंद गडू. एकीने हिमालय पाहून हात जोडले आणि मग सह्याद्रीवर बोट ठेवून सुरुवात केली.

“ही भीमा. मग पंढरपूर इथं.”

“ती भीमा न्हवं, ती कृष्णा. भीमा वरनं येती.”

“आगं, वरनं येती ती गोदावरी.”

वाद मिटेना, तेव्हा त्यांनी मला विचारले. मी बोट दाखवले ती नदी तिघींपैकी कुणालाच पटली नाही.